तेर्वागान नावाचा देव कुठेच नव्हता, तरी युरोपने तो ५०० वर्षं मुस्लिमांच्या नावावर खपवला

काही दिवसांपूर्वी आमच्या चिचगडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक रील येऊन पडली. घनदाट जंगल, एक मोठं झाड, झाडाखाली मांडलेले दगड, मातीचे घोडे आणि बांबूला बांधलेली कापडं. मागे भुताच्या पिक्चरचं म्युझिक. स्क्रीनवर लाल अक्षरात लिहिलेलं, 'या जंगलात राहतो रक्त पिणारा देव.'

ग्रुपवर दोघा-तिघांनी घाबरल्याचे इमोजी टाकले. मग शाळेपासूनचा माझा एक गोंड मित्र बोलला, "आमचा देव रगत पिते म्हणे! आमालेच मालूम नाही."

पाठोपाठ त्याचा दुसरा मेसेज आला. "हे आमचं पेनठाना आहे ना. माया आज्याचा आजाबी इथंच येत होता."

गोंडी भाषेत पेन म्हणजे देव. पेनठाणं म्हणजे देवाचं ठिकाण. रील बनवणाऱ्याने हे कुणालाच विचारलं नव्हतं. कोंबडं-बकऱ्याचा नवस तर महाराष्ट्रात कितीतरी गावदेवांना फेडतात, पण इथे त्याचा थेट 'रक्त पिणारा देव' झाला होता. मित्राने खुलासा करेपर्यंत रील आणखी चार ग्रुपवर गेली होती. त्याचा खुलासा मात्र आमच्याच ग्रुपवर राहिला.

दुसऱ्याचा देव आपणच तयार करायचा, त्याला भयानक रूप द्यायचं आणि तो ज्यांचा म्हणून सांगायचा त्यांनाच पत्ता नसायचा. हा प्रकार रीलच्या जमान्यातला वाटतो. पण युरोपमध्ये हे ९०० वर्षांपूर्वी झालं होतं, आणि तेही मोठ्या प्रमाणावर.

तिथल्या कवींनी मुस्लिमांसाठी चक्क नवे देव बनवले होते. मूर्तीसकट, नावासकट.

सगळ्यात आधी, हे देव कोणते होते?

सुरुवात होते 'रोलाँचं गीत' या फ्रेंच काव्यापासून. इसवी सन ११०० च्या आसपासचं हे सुमारे ४,००० ओळींचं वीरकाव्य. आपल्याकडे शाहीर डफावर पोवाडा म्हणायचे, तसे फ्रान्समध्ये फिरते गायक अशी काव्यं जत्रेत, बाजारात आणि सरदारांच्या वाड्यांवर गायचे.

या काव्यात स्पेनमधल्या सारागोसा शहराचा मार्सिल नावाचा मुस्लिम राजा आहे. कवी त्याची ओळख करून देतानाच सांगतो की हा राजा देवाला मानत नाही, तर मुहम्मद आणि अपोलिन यांना भजतो. पुढे त्यात तिसरं नाव येतं, तेर्वागान. झाले तीन देव.

मार्सिलचा पराभव होतो तेव्हा त्याचे लोक चिडून स्वतःच्याच देवांवर तुटून पडतात. अपोलिनच्या मूर्तीला शिव्या घालतात, तिचा मुकुट हिसकावतात, तिला पाडतात. तेर्वागानच्या मूर्तीवरचं रत्न काढून घेतात. पैगंबरांच्या नावाने कल्पलेल्या मूर्तीचीही विटंबना होते. ऐकणारे लोक या प्रसंगाला टाळ्या वाजवत असणार.

आता इस्लामबद्दल अगदी जुजबी माहिती असलेला माणूसही इथे थांबेल. कारण यातली एकही गोष्ट जुळत नाही.

इस्लामचा पायाच मुळी ईश्वर एकच आहे हा आहे. त्याची मूर्ती नाही, चित्र नाही. मुहम्मद हे पैगंबर, म्हणजे ईश्वराचा संदेश आणणारे. त्यांची पूजा इस्लामला मान्य नाही. इसवी सन ६३० मध्ये मक्का ताब्यात आल्यावर पैगंबरांनी काबामधल्या मूर्ती काढून टाकल्या, ही त्या धर्माच्या इतिहासातली मध्यवर्ती घटना. आणि नेमक्या त्याच धर्माच्या माथी कवींनी मूर्तिपूजा मारली.

मजेची गोष्ट म्हणजे या काव्यातली लढाईसुद्धा तशी झाली नव्हती. इसवी सन ७७८ मध्ये सम्राट शार्लमेन स्पेनहून परतत असताना पिरेनीज डोंगरात त्याच्या सैन्याच्या पिछाडीवर हल्ला झाला. त्यात रोलाँ मारला गेला. पण हल्ला करणारे होते डोंगरातले बास्क लोक, आणि ते मुस्लिम नव्हते. सुमारे ३०० वर्षांनी काव्य रचलं गेलं, तेव्हा बास्क गायब झाले आणि त्यांच्या जागी लाखोंची मुस्लिम फौज आली. म्हणजे आधी शत्रू बदलला, मग त्या शत्रूला देव दिले.

ही नावं आली कुठून?

अपोलिन ओळखायला सोपा आहे. तो ग्रीक-रोमन देव अपोलो. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात अपोलिओन नावाचा विनाशाचा दूत आहे, त्याचीही सावली या नावावर पडली असावी.

तेर्वागान हा शब्द नेमका कशावरून आला यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. इंग्लंडमध्ये गेल्यावर त्याचा 'टर्मागंट' झाला. तिथल्या साहित्यात तो आरडाओरडा करणारा, आक्रस्ताळा देव म्हणून ओळखला जाऊ लागला. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये एक राक्षस त्याची शपथ घेतो. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकात हॅम्लेट नटांना ओरडून अभिनय करू नका असं बजावतो, तेव्हाही टर्मागंटचंच नाव घेतो. पुढे देव विसरला गेला आणि इंग्रजीत 'टर्मागंट' म्हणजे कजाग, भांडकुदळ बाई एवढाच अर्थ उरला.

पैगंबरांच्या नावाचंही असंच झालं. त्या नावाच्या बिघडलेल्या रूपातून जुन्या इंग्रजीत 'मॉमेट' हा शब्द तयार झाला. त्याचा अर्थ मूर्ती किंवा बाहुली. मूर्ती नाकारणाऱ्या माणसाच्या नावावरूनच एका भाषेने मूर्तीला शब्द बनवला.

तीनच देव का?

या कवींनी मुस्लिमांचा धर्म पाहिला नव्हता. मग त्यांनी तो कशावरून बनवला? तर स्वतःच्याच धर्मावरून. आपला धर्म आरशात उलटा करून.

ख्रिस्ती धर्मात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असं त्रैक्य आहे. म्हणून शत्रूकडेही तीन देव. आपल्या चर्चमध्ये संतांच्या मूर्ती आहेत, त्यांच्यापुढे मेणबत्त्या लागतात. म्हणून शत्रूच्या मंदिरातही मूर्ती. आपण येशूची पूजा करतो, म्हणजे ते मुहम्मदांची करत असणार. त्यात भर घातली ती लहानपणापासून ऐकलेल्या रोमन मूर्तिपूजकांच्या गोष्टींची. ख्रिस्ती संतांना छळणारे, अपोलोपुढे धूप जाळायला लावणारे ते जुने रोमन सम्राट त्यांना पाठ होते. मुस्लिमांना त्याच साच्यात बसवलं की काम झालं.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे झाँ बोदेल या कवीचं 'संत निकोलसचं नाटक'. फ्रान्समधल्या आरास शहरातलं, इसवी सन १२०० च्या आसपासचं. त्यात एका मुस्लिम राजाकडे तेर्वागानची सोन्याने मढवलेली मूर्ती आहे. युद्धात काय होईल असं राजा विचारतो, तर मूर्ती आधी हसते आणि मग रडते. युद्धात ख्रिस्ती सैन्य कापलं जातं. एक म्हातारा ख्रिस्ती जिवंत सापडतो, तो संत निकोलसच्या मूर्तीपुढे प्रार्थना करत असतो. ही मूर्ती खजिन्याची राखण करते असं तो सांगतो. राजा म्हणतो, बघूच. तो खजिना उघडा ठेवतो आणि त्यावर निकोलसची मूर्ती ठेवतो. चोर खजिना पळवतात, पण संत स्वतः येऊन चोरांना दम देतो आणि खजिना परत येतो. राजा ख्रिस्ती होतो, तेर्वागानला खाली पाडलं जातं.

नीट पाहिलं तर या नाटकातला सामना मूर्ती विरुद्ध मूर्ती असा आहे. एक मूर्ती खजिना राखते, दुसरी राखत नाही. इस्लामचा इथे काहीच संबंध नाही. स्टेजवर दोन्ही बाजूंना आरासचेच लोक उभे आहेत. एका बाजूला त्यांची श्रद्धा, दुसऱ्या बाजूला त्यांची भीती.

पण खरी माहिती कुणाकडेच नव्हती का?

होती. आणि हेच या गोष्टीतलं जास्त काळजीचं आहे.

इंग्लंडमधल्या माम्सबरीच्या मठात विल्यम नावाचा इतिहासकार होता. बाराव्या शतकाच्या पहिल्या तिसाव्यातच त्याने स्वच्छ लिहून ठेवलं होतं की मुस्लिम एकाच ईश्वराला मानतात आणि मुहम्मद हे त्यांच्यासाठी देव नसून पैगंबर आहेत. इसवी सन ११४३ मध्ये कुराणाचा लॅटिन अनुवाद पूर्ण झाला. फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे प्रमुख पीटर यांनी तो रॉबर्ट ऑफ केटन या इंग्रज विद्वानाकडून करून घेतला होता. इस्लामचं खंडन करण्यासाठीच करून घेतला होता, हे खरं. पण खंडन करायला तरी मूळ वाचावं लागतं, एवढी समज त्यात होती.

शिवाय स्पेन आणि सिसिलीत ख्रिस्ती आणि मुस्लिम शेजारी राहत होते. व्यापारी रोज व्यवहार करत होते. मशिदीत मूर्ती नसते हे कळायला ग्रंथ वाचायची गरज नव्हती, दारातून डोकावलं तरी पुरे होतं.

मग बोदेलचं नाटक या अनुवादानंतर पन्नासेक वर्षांनी का आलं? कारण अनुवाद लॅटिनमध्ये होता, मठाच्या कपाटात होता आणि वाचणारे मोजके होते. नाटक लोकांच्या बोलीत होतं आणि बघायला सगळं गाव होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर फॅक्ट चेक मठात पडून होता आणि फॉरवर्ड बाजारात फिरत होता.

आणखी एक कारण आहे. काळ धर्मयुद्धांचा, म्हणजे क्रुसेडचा होता. १०९९ मध्ये ख्रिस्ती फौजांनी जेरुसलेम जिंकलं आणि शहरात मोठी कत्तल केली. 'तेही आपल्यासारखेच एका ईश्वराला मानतात' हे वाक्य त्या वेळी कुणाच्या कामाचं नव्हतं. 'ते मूर्तींपुढे लोळतात' हे कामाचं होतं. त्या विजयाबद्दल लिहिणाऱ्या एका इतिहासकाराने तर जेरुसलेमच्या पवित्र वास्तूत चांदीची भलीमोठी मूर्ती सापडल्याचंही रंगवून लिहिलं. त्या वास्तूत मुस्लिम प्रार्थना करत होते. तिथे अशी मूर्ती असणं शक्यच नव्हतं.

बाफोमेट: नाव खोटं, मेलेली माणसं खरी

'जाऊ द्या, कविकल्पना आहे' असं म्हणून हा विषय सोडता येत नाही. कारण यातल्या एका नावाने माणसं मेली.

बाफोमेट हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. बकऱ्याचं डोकं, पंख, कपाळावर चांदणी. गेम्स, मेटल बँडचे टी-शर्ट आणि 'गुप्त संघटनांचं रहस्य' सांगणारे व्हिडिओ, सगळीकडे तो दिसतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे नाव म्हणजे पैगंबरांच्या नावाचं जुन्या फ्रेंचमधलं बिघडलेलं रूप. पहिल्या क्रुसेडमधल्या एका सरदाराच्या १०९८ च्या पत्रातच ते येतं. शत्रू कुणाचा धावा करत होते हे सांगताना त्याने ते लिहिलं आहे.

दोनशे वर्षांनी हे नाव फ्रान्सच्या राजाच्या कामी आलं. राजा चौथा फिलिप कर्जात बुडाला होता. टेंपलर नावाची ख्रिस्ती योद्ध्यांची संघटना श्रीमंत होती आणि तोही तिच्या देण्यात होता. १३ ऑक्टोबर १३०७ रोजी फ्रान्सभर टेंपलरांना एकाच दिवशी अटक झाली. आरोपांपैकी एक असा की हे लोक गुपचूप एका मुंडक्याची पूजा करतात. काही जबाबांत त्या मुंडक्याशी बाफोमेट हे नाव जोडलेलं सापडतं.

जबाब छळ करून घेतले होते. त्यामुळे कुणी म्हणालं मुंडक्याला दाढी आहे, कुणी म्हणालं तोंडं तीन आहेत. नसलेल्या वस्तूचं वर्णन करायला लावलं की असंच होणार. १३१० मध्ये पॅरिसजवळ एकाच दिवशी ५४ टेंपलरांना जिवंत जाळलं. १३१२ मध्ये पोपने संघटना विसर्जित केली. १३१४ मध्ये तिचा शेवटचा प्रमुख झाक द मोले यालाही जाळलं.

म्हणजे मुस्लिमांसाठी बनवलेला खोटा देव शेवटी ख्रिस्ती लोकांवरच उलटला. आणि ते बकऱ्याचं डोकं? ते तर एकोणिसाव्या शतकात एलिफास लेव्ही या फ्रेंच लेखकाने काढलेलं चित्र आहे. टेंपलर जाळले गेल्यानंतर पाचशेहून जास्त वर्षांनी.

मग हा साचा जहाजात बसून आपल्याकडे आला

१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला. पोर्तुगिजांच्या डोक्यात तेव्हा जगाचे दोन मोठे भाग होते, ख्रिस्ती आणि मूर, म्हणजे मुस्लिम. कालिकतमध्ये त्यांना मुस्लिम व्यापारी भेटले, ते ओळखू आले. उरलेले कोण? मुस्लिम नाहीत, म्हणजे ख्रिस्तीच असणार!

म्हणून ते एका हिंदू देवळात गेले आणि त्याला चर्च समजून गुडघे टेकून बसले. भिंतीवरच्या चित्रांतल्या 'संतांचे' दात बाहेर आले होते आणि त्यांना चार-पाच हात होते, अशी नोंद त्या प्रवासाच्या रोजनिशीत आहे. तरीही ते संतच.

ही चूक फार काळ टिकली नाही. हे लोक ख्रिस्ती नाहीत हे कळल्यावर लंबक थेट दुसऱ्या टोकाला गेला. १५१० मध्ये इटालियन प्रवासी लुदोविको दि वार्थेमा याचं पुस्तक रोममध्ये छापून आलं. कालिकतच्या राजाच्या देवघरात 'देउमो' नावाचा सैतान सिंहासनावर बसलेला आहे, असं त्याने लिहिलं. शिंगं चार, सुळे मोठे, पाय कोंबड्यासारखे, आणि तो माणसांचे आत्मे खातोय. डोक्यावर काय? तर पोपसारखा तिहेरी मुकुट.

१५१५ मध्ये या पुस्तकाची सचित्र जर्मन आवृत्ती निघाली. योर्ग ब्रॉय या चित्रकाराने, भारत न पाहता, देउमोचं चित्र काढलं. आपल्याकडच्या कुठल्याच देवासारखं ते दिसत नाही. युरोपातल्या चर्चच्या भिंतींवर नरकाच्या चित्रात जो सैतान असायचा, तोच तो. कला इतिहासाचे अभ्यासक पार्थ मित्तर यांनी १९७७ मध्ये या सगळ्या चित्रांवर इंग्रजीत एक आख्खं पुस्तक लिहिलं. युरोपच्या डोळ्यांना आपले देव शतकानुशतकं राक्षस का दिसत राहिले, हे त्यात उलगडलं आहे.

देउमोचा दूरचा भाऊ गोव्यातही सापडतो. यान हाइखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ पासून पाचेक वर्षं गोव्यात आर्चबिशपचा सचिव होता. १५९६ मध्ये त्याचं प्रवासवर्णन आलं. त्यात त्याने आत गावाकडे पाहिलेल्या एका मूर्तीचं वर्णन आहे. शिंगं, गुडघ्यापर्यंत लोंबणारे दात, पोटाखाली आणखी एक तसंच तोंड आणि डोक्यावर पोपसारखा तिहेरी मुकुट. बायबलमधल्या प्रलयाच्या श्वापदासारखी ही मूर्ती दिसते, असंही तो म्हणतो.

८६ वर्षांच्या अंतराने दोघांना दोन ठिकाणी एकच पोपचा मुकुट दिसला. लिन्सखोटेन स्वतः गोव्यात राहिलेला माणूस. समोर दगडाची मूर्ती होती, पण पाहताना डोळ्यांपुढे वाचलेलं पुस्तक होतं.

आणि गोव्यात त्याची किंमत मोजावी लागली

एखाद्या कवीच्या डोक्यात साचा असणं वेगळं आणि सत्ताधाऱ्याच्या डोक्यात असणं वेगळं. १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेला. १५४० मध्ये तिसवाडीतली देवळं पाडली गेली. देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चच्या कामाकडे वळवलं गेलं. म्हणजे यात महसूल आणि राजकारणही होतंच. पण 'ही सैतानाची घरं आहेत' असं एकदा ठरलं की पुढची कामं सोपी होतात. पुढे मुरगाव तालुक्यातल्या कुशस्थळीहून मंगेश आणि केळशीहून शांतादुर्गा रातोरात नदीपलीकडे नेल्या गेल्या. आज मंगेशी आणि कवळे इथे आपण ज्या देवळांत जातो, ती त्या स्थलांतरातून उभी राहिली.

या काळाची खूण भाषेतही आहे. गोव्यात आणि सिंधुदुर्गात हिंदू घरांमध्ये 'देवचार' म्हणजे गावाचा राखणदार. हातात दांडा, खांद्यावर घोंगडी, रात्री सीमेवरून फिरणारा. त्याला रोट देतात, वाट चुकलेल्याला तो घरी पोचवतो असं मानतात. कोकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांमध्ये 'देवचार' म्हणजे सैतान. शब्द एकच, वाडाही कधी कधी एकच.

त्याच गोव्यात वेगळा रस्ता धरणारा माणूसही होता. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि ओवीछंदात 'क्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. तो धर्मप्रसारकच होता आणि हिंदू देव त्याला मान्य नव्हते. पण समोरच्याशी त्याच्याच भाषेत बोलायला हवं, हे त्याला कळलं होतं.

हा फक्त युरोपचा रोग आहे का?

नाही.

१०२६ च्या सुमारास गझनीच्या महमूदने सोमनाथवर स्वारी केली. त्याच्या दरबारातला फर्रुखी नावाचा फारसी कवी या विजयाचं काव्य रचताना एक भन्नाट दावा करतो. सोमनाथची मूर्ती म्हणजे मुळात अरबस्तानातली देवी मनात, जी काबामधून पळवून इथे आणली गेली! मनात ही इस्लामपूर्व अरबांची देवी. सोमनाथ आणि मनात, दोन नावांतली अक्षरं थोडी जुळली आणि कवीचं काम झालं. फ्रेंच कवीला मुस्लिमांमध्ये जुने रोमन दिसले, तसे फारसी कवीला हिंदूंमध्ये जुने अरब दिसले. दोघांनीही समोरच्याला न पाहता आपल्याच घरातलं जुनं भांडण त्याच्यावर लादलं.

आणि त्याच महमूदच्या काळात, त्याच गझनीत अल-बिरुनी होता. तो संस्कृत शिकला, पंडितांसोबत बसला आणि १०३० च्या सुमारास भारतावर ग्रंथ लिहिला. हिंदूंमधले जाणकार एकाच ईश्वराला मानतात आणि मूर्ती ही सामान्यांच्या सोयीसाठी असते असं हे जाणकार सांगतात, हे त्याने नोंदवलं. त्याला सगळं पटलं होतं असं नाही. पण त्याने आधी विचारलं.

रोलाँचं गीत तर त्याच्या नंतर सत्तरेक वर्षांनी आलं. म्हणजे 'त्या काळात लोकांना कळत नव्हतं' ही सबब चालत नाही. विचारणारे तेव्हाही होते.

मग रील आली की काय करायचं?

आमच्या भागातलाच विचार करू. नागपूरला स्कॉटलंडचे मिशनरी होते, स्टीफन हिस्लॉप. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने आहे. त्यांनी गोंडांच्या लिंगोची गाथा एका परधानाच्या तोंडून ऐकून लिहून घेतली. परधान म्हणजे गोंडांच्या गाथा पिढ्यानपिढ्या गाणारे लोक. १८६३ मध्ये हिस्लॉप वारले आणि १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी ते कागद छापले. एका मिशनऱ्याच्या गाळणीतून ते आले, हे विसरायचं नाही. तरी आज ती गाथा कागदावर आहे, कारण कुणीतरी बसून ऐकलं. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेत हजारो गोंड लोक जमतात, ते याच लिंगोच्या आठवणीने. ही गुहा आमच्याच जिल्ह्यात आहे.

पुढे इंग्रजांच्या जनगणनेने अशा सगळ्या लोकांना 'भूतपूजक' छापाच्या एका खोक्यात टाकलं. कारकुनाला तेवढंच सोपं होतं.

तर एखाद्या समाजाच्या देवाबद्दल, विधीबद्दल काही भयानक आलं की तीन गोष्टी बघायच्या.

एक, हे सांगणारा त्या समाजातला आहे का, किंवा त्याने तिथल्या कुणाला विचारल्याचं दिसतं का? रोलाँच्या गीतात एकाही मुस्लिमाचा खरा आवाज नाही.

दोन, वर्णन ओळखीचं वाटतंय का? भुताच्या पिक्चरमधलं, जुन्या गोष्टीतलं? देउमोच्या डोक्यावर पोपचा मुकुट होता. आमच्या रीलमध्ये पिक्चरचं म्युझिक होतं.

तीन, यातून कुणाचं काम होणार आहे? फिलिप राजाला मुंडक्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला कर्ज बुडवायचं होतं.

तिन्ही उत्तरं मिळत नसतील तर अंगठा थांबवायचा. आणि शक्य असेल तर ज्यांचा देव आहे त्यांना फोन लावायचा. तेर्वागानबद्दल बगदादच्या एखाद्या माणसाला कुणी विचारलं असतं, तर त्याने माझ्या मित्रासारखंच उत्तर दिलं असतं.

मी नंतर मित्राला विचारलं, तुमच्या पेनठाण्यात नक्की काय असतं? तो म्हणाला, "पुढच्या टाइमले ये ना सोबत. पाहून घेशील."

मी जाणार आहे. मोबाईल खिशात ठेवून.